बँकॉकहून ऑपरेशन करून कोल्हापूरला यायचंय, मुंबईच्या पुढचा प्रवास कसा करू?

पंचगंगा_काठची | ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, तेव्हा सांभाळून घ्या. मी ट्रान्स बाई, घर कोल्हापुरात शाहूपुरीत, नोकरी पुण्यात. दिवाळीच्या तोंडावर बँकॉकला येऊन बॉटम सर्जरी (योनी तयार करायचं ऑपरेशन, व्हजायनोप्लास्टी) करून घेतली. लक्ष्मीपूजन हॉस्पिटलच्या बेडवर झालं, आईनं मोबाईलवर पणतीचा फोटो लावून नमस्कार केला. आता आतलं पॅकिंग आणि कॅथेटर काढलंय, हॉस्पिटलमधून सोडलंय, जवळच एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये आई आणि मी आहोत. डायलेशन चालू झालंय, म्हणजे नवीन वाट आत आवळू नये म्हणून रोज डायलेटर (नळीसारखी कांडी) घालून ठेवायचं. दुखतं, पण सहन होतंय.

सर्जननी २५ तारखेनंतर विमानात बसायला हरकत नाही असं सांगितलंय. मुंबईपर्यंतचं विमान साधारण साडेचार तासांचं, त्याचं टेन्शन नाही एवढं. टेन्शन हे की मुंबईत उतरल्यावर पुढं कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटर. बाबा म्हणतात भाड्याची अर्टिगा घेऊन येतो, सरळ घरी. बाबा स्वतःहून काहीतरी म्हणाले हीच मोठी गोष्ट आहे, त्यामुळं नको म्हणायला जीव होत नाही, पण इथं अर्धा तास खुर्चीत बसले तरी खाली सूज येतीय, आणि आपला हायवे काय लायकीचा झालाय ते तुम्हाला माहितीच आहे.

दुसरं म्हणजे घर जुनं, खाली भारतीय पद्धतीचा संडास, वर एक बाथरूम, माणसं भरपूर. आजीला फक्त "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय. ज्यांनी हे केलंय किंवा घरात कुणाचं बघितलंय त्यांनी जरा सांगा.

बुंगाट_९ | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

ताई, मी भाडं मारतो, कोल्हापूर मुंबई आठवड्यातनं दोनदा तरी होतंय. ऑपरेशनातलं मला काय कळत न्हाई पण रस्त्याचं सांगतो. आत्ता गाडीनं येऊ नकोस. सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू हाय, जागोजागी डायव्हर्जन, सर्व्हिस रोडला ही एवढाली खड्डं, कराडात तर आर्धा आर्धा तास गाडी हलत न्हाई. त्यात आता उसाचा सीझन सुरू व्हायलाय, दोन दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर चालल्यात आन मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. ड्रायव्हर कितीबी चांगला असू दे, कचकन ब्रेक मारायलाच लागतोय. वीसला विधानसभेचं मतदान, तेवीसला निकाल, मिरवणुका, गाड्या पन मिळायच्या न्हाईत चांगल्या.

मणक्याचं ऑपरेशन झालेली माणसं आणल्यात मी, बाळंतिणी आणल्यात. सगळ्यांचं एकच, पुण्यापर्यंत गप असत्यात आन खंबाटकी उतरला की कण्हायला सुरू. तुला यायचंच असलं गाडीनं तर अर्टिगा नको, इनोव्हा बघ, मधली सीट पाठीमागं पाडून पडून ये. पन माझं ऐकशील तर रेल्वे.

ठाणेकर_बया | १२ नोव्हेंबर, दुपारी २.०५

पंचगंगा, सगळ्यात आधी अभिनंदन गं! आणि ते बुंगाटदादा बोलतायत ते अक्षरशः खरं आहे. माझं ऑपरेशनही तिकडेच झालं, माहेर सांगलीकडचं. आल्यावर सगळ्यांनी विचारलं विमानात त्रास झाला का, विमानात काही नाही झालं, हवाईसुंदरीने दोन उशा दिल्या, मस्त झोपले. जे झालं ते नंतर गाडीत. बसलेल्या अवस्थेत सगळं वजन नेमकं टाक्यांवर येतं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ते कळतं.

म्हणून माझं मत असं की मुंबईत उतरलात की त्याच दिवशी पुढे निघूच नका. एअरपोर्टजवळ साधं हॉटेल घ्या, गरम पाण्याची आंघोळ, डायलेशन, झोप. दुसऱ्या दिवशी रात्रीची महालक्ष्मी पकडा सीएसएमटीहून, लोअर बर्थ. मुद्दा आडवं पडून येण्याचा आहे. फर्स्ट एसी परवडत असेल तर दोघींना कूपे (दोनच बर्थची खोली) मिळतो का बघा, आतून कडी लावता येते. वंदे भारत पुण्याहून सुरू झालीय सप्टेंबरमध्ये म्हणून कुणी सुचवेल, पण ती बसून जायची गाडी आहे, तुझ्या कामाची नाही. मुंबई-कोल्हापूर विमान आहे तेही चांगलं, तासाभराचं, फक्त विमान छोटं, शिडी चढून जावं लागतं आणि रोज असेलच असं नाही, तारीख जुळली तर बघ.

बॅगेचं सांगते. डायलेटरचा अख्खा सेट चेक-इनमध्ये टाकू नकोस, जो साईझ आत्ता चालू आहे तो हातातल्या बॅगेत ठेव. बॅग हरवली तर? दोन दिवस डायलेशन चुकलं तर आत घट्ट व्हायला लागतं या दिवसांत, पुन्हा त्या जागी यायला फार रडवतं. जेलीच्या मोठ्या ट्यूबा मात्र खाली बॅगेत, वर १०० मिलीच्या वरचं काही नेऊ देत नाहीत. पाण्यावर आधारित जेलीच घे, तेल किंवा व्हॅसलीन नाही. आणि सर्जनचं पत्र पासपोर्टबरोबर, वर, हाताशी.

बसायला म्हणून ती गोल भोकाची उशी मिळते ती प्रत्येकाला चालते असं नाही, काही सर्जन नकोच म्हणतात, मधल्या भागावर ताण येतो म्हणून. मी साधी जाड उशी घेऊन एका कुशीवर कलून बसायचे, थोड्या वेळाने दुसऱ्या.

चहाटळ_माणूस | १२ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

एक प्रामाणिक प्रश्न. एवढा खर्च करून परदेशात कशाला जायचं? भारतात होत नाही काय हे? आणि घरच्यांना एवढा त्रास देऊन

ठाणेकर_बया | १२ नोव्हेंबर, दुपारी ४.५२

होतं की. मुंबईत होतं, दिल्लीत होतं, तमिळनाडूत तर सरकारी दवाखान्यात फुकट होतं. पण थायलंडमध्ये १९७५ साली चुलालाँगकॉर्न हॉस्पिटलात पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिथले सर्जन एकाकडून दुसरा शिकत आलेत, काहींनी आयुष्यभर हेच एक ऑपरेशन केलंय. गुडघा बदलायला माणसं मुंबईला जातात तेव्हा कुणी विचारत नाही कोल्हापुरात होत नाही काय म्हणून. घरच्यांच्या त्रासाचं घरचे बघतील, बाबा गाडी घेऊन यायला तयार आहेत हे वाचलं नाहीस का वर.

ॲडमिन | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

यानंतरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा प्रवास आणि बरं होणं यावर आहे, तिथंच राहू द्या.

मिरजेची_सिस्टर | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मी सर्जिकल वॉर्डात काम करते. ठाणेकरताईंनी चांगलं सांगितलंय, मी फक्त एकाच गोष्टीवर बोलते कारण ती जिवाशी खेळणारी आहे.

मोठं ऑपरेशन, मग पडून राहणं, मग विमानात पाय लोंबकळत ठेवून बसणं, या तिन्हींनी पिंढरीच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. त्यात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोनच्या गोळ्या. बरेच सर्जन ऑपरेशनच्या आधी त्या बंद करायला सांगतात ते याचसाठी. आता घरी जातेय, मूड लागत नाही, रडू येतंय म्हणून स्वतःच्या मनानं चालू करू नका, सर्जनला विचारून त्यांनी सांगितलेल्या तारखेलाच. (रडू येणं हे गोळ्या बंद, भूल, झोप नाही या सगळ्यानं येतं. मन पालटलं असा अर्थ काढू नये.)

मग करायचं काय? पायात घट्ट मोजे, मापाचे, मेडिकलमधून पिंढरी मोजून घेतलेले, भावाचे फुटबॉलचे नाहीत. कडेची सीट, म्हणजे सारखं उठता येतं. तासाभरानं एकदा उठून चालायचं, बसल्या बसल्या पाऊल वर खाली. आणि पाणी प्यायचं. पेशंट पाणी पीत नाहीत कारण लघवीला जळजळतं आणि विमानातल्या संडासात जायची भीती वाटते, हे मी कितीदा बघितलंय. लघवीची धार अजून वाकडीतिकडी जाईल, सूज उतरली की सुधारते, ओले वाइप्स जवळ ठेवा. व्हीलचेअर विमान कंपनीला दोन दिवस आधी सांगून ठेवा, लाजू नका, लांबच लांब चालणं वाचतं. कंपनी डॉक्टरचा फिटनेस फॉर्म मागू शकते, तो तिथंच भरून घ्या.

एकाच पायाची पिंढरी सुजली, दुखायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, तर ते थकव्याचं नाही. सरळ कॅज्युअल्टी. ताप, हिरवट घाण वासाचा स्राव, लघवी अडणं, किंवा पुढच्या वाटेनं संडास येतोय असं वाटणं, तेही तसंच. थोडं रक्त, पिवळसर ओल, टाक्याच्या खालच्या टोकाला बारीक उसवल्यासारखं, याचे फोटो सर्जनच्या टीमला पाठवा, ते रोज बघतात असलं.

एक_आई_इचलकरंजी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

माझं लेकरू पुढच्या वर्षी जाणार आहे म्हणून सगळं वाचतेय. पंचगंगा बाळ, तुझ्या आईला नमस्कार सांग. मला प्रश्न असा की घरी आणल्यावर खायला काय करायचं? आमच्याकडं बाळंतिणीसारखं करायचं का, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक शेगडी?

मिरजेची_सिस्टर | १३ नोव्हेंबर, दुपारी १.३५

काकू, लाडू खीर खुशाल. शेगडी, धुरी अजिबात नाही! तिथली त्वचा अजून बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. तेल लावून चोळायचं पण नाही. गरम पाण्यात बसायचं का, कधीपासून, हे सर्जन सांगतील तसंच.

खाण्यात एकच बघायचं, पोट साफ राहिलं पाहिजे. दुखण्याच्या गोळ्यांनी खडा होतो आणि जोर लावला की टाक्यांवर ताण. पपई, ताक, पालेभाज्या, रात्री इसबगोल. तांबडा रस्सा महिनाभर थांबू दे, पांढरा चालेल वाटीभर.

पंचगंगा_काठची | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

पांढरा चालेल हे वाचून आईनं सुटकेचा निःश्वास सोडला, इथं तिचं सेव्हन-इलेव्हनमधली अंडी आणि घरून आणलेलं मेतकूट यावर चाललंय, मासळीच्या सॉसचा वास आला की ती फुटपाथ बदलते.

बाबांशी बोलले. गाडी नको म्हटल्यावर थोडा वेळ गप्प झाले मग म्हणाले मी स्टेशनला येतो. महालक्ष्मीची तिकिटं काढलीत. संडासाचं काय करू ते सुचेना, खाली बसता येणार नाही ना महिना दोन महिने?

ठाणेकर_बया | १३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

उकिडवं बसायचं नाव काढू नकोस. मेडिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते, मधे भोक असलेली, ती भारतीय संडासावर ठेवता येते. बाबांना आणायला सांग, बापांना असं ठोस काम दिलेलं आवडतं. वरच्या खोलीला आतून कडी आहे का ते आधी बघ. डायलेशन सुरुवातीला दिवसातून तीनदा वगैरे, धुणं वाळवणं धरून प्रत्येकाला तासभर जातो, मधे कुणी "चहा घेणार का गं" म्हणून दार ढकललं की संपलं. मी मोबाईलवर मालिका लावायचे मोठ्या आवाजात, घरच्यांना कळायचं आता आत जायचं नाही.

गाडीवर मागे बसणं, जड उचलणं, पोहणं, सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. रंकाळ्यावर चालायला जा, ते चांगलं. आधी एक बाक ते दुसरा बाक एवढंच.

बावड्याची_वकीलबाई | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. बँकॉक सोडायच्या आधी हॉस्पिटलकडून लेटरहेडवर पत्र घे: पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट नंबर, ऑपरेशनची तारीख, कोणतं ऑपरेशन, सही, शिक्का, इंग्रजीत. दोन-तीन मूळ प्रती घे, झेरॉक्स नव्हे. नंतर ईमेल करून मागवायला महिने जातात.

२०२४ च्या घडीला, २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं, आणि ऑपरेशननंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्र. त्यासाठी जिथं ऑपरेशन झालं तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणून त्या पत्रावर एवढा जोर देतेय. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर. आधार, पॅन, पासपोर्ट सगळं त्याच्यामागून.

आत्ता मात्र जुन्याच पासपोर्टवर ये, तिकीट त्याच नावाचं पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं नको. फोटोत केस बारीक आणि समोर उभी तू, विचारलं तर पत्र दाखवायचं, जास्त कहाणी सांगायची नाही.

सीए_लक्ष्मीपुरी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

बँकेतून बाहेर पैसे पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर) कापला असेल तर तो बुडीत धरू नका. प्राप्तिकराच्या २६एएस फॉर्ममध्ये दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. बिलं सांभाळून ठेवा. बाकी लवकर बरी हो.

पंचगंगा_काठची | १ डिसेंबर, दुपारी ३.१०

पोचले!! गेल्या आठवड्यातच पोचले, लिहायला आज बसता आलं. बसता आलं म्हणजे पलंगावर कुशीवर पडून टाइप करतेय.

विमान खरंच सोपं गेलं. कडेची सीट, मोजे, दर थोड्या वेळानं मागच्या बाजूला जाऊन उभी. मुंबईत व्हीलचेअरवाले काका आले, त्यांनी इमिग्रेशनला सरळ बाजूच्या काउंटरला नेलं. तिथल्या साहेबांनी पासपोर्टकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पासपोर्ट. मी पत्र पुढं केलं. त्यांनी पहिली ओळ वाचली, शिक्का मारला आणि विचारलं "कोल्हापूर का? मी गडहिंग्लजचा." बस एवढंच.

खरी गंमत कस्टमला. बॅग एक्स-रेमधून गेली आणि तिथल्या माणसानं स्क्रीनकडं बोट करून बाजूच्याला बोलावलं. डायलेटरचा सेट, एकापेक्षा एक मोठे, ओळीनं लावलेले दिसत असणार. "मॅडम हे काय आहे?" मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "मेडिकलचं आहे, ऑपरेशन झालंय पोरीचं, उघडून बघा आणि हात धुऊन मग हात लावा." त्यांनी उघडलंच नाही. आई चारचौघांत मला पोरगी म्हणाली ते तिच्या बहुतेक लक्षात पण नाही आलं, ती ट्रॉलीचं चाक अडकलंय म्हणून त्याला लाथ घालत होती.

हॉटेलात एक रात्र काढली, त्याचे पैसे वसूल. कूपे काही मिळाला नाही, चार जणांच्या केबिनमध्ये बर्थ आले, समोर एक मिरजेचं म्हातारं जोडपं. डायलेशन हॉटेलातून निघताना केलं आणि पुढचं थेट घरी, एवढी गॅप चालेल का ते सर्जनना आधीच विचारून ठेवलं होतं. रात्रभर कुशीवर पडून आले. सकाळी स्टेशनला बाबा आणि चुलतभाऊ. घरापर्यंतची रिक्षा पाच-सात मिनिटांची, त्या पाच-सात मिनिटांत जे हाल झाले त्यावरून अर्टिगाचं काय झालं असतं ते समजलं.

घरी कमोड खुर्ची हजर, बाबांनी तिच्या पायांना रबरी बूट पण लावून घेतलेत, घसरू नये म्हणून. कडी नवीन बसवलीय. आजीचं सांगायचं तर ती दुसऱ्या दिवशी खोलीत आली, वाळत घातलेल्या टॉवेलकडं बघितलं, औषधांकडं बघितलं, म्हणाली "पोटाचं न्हवं ते. मला खुळी समजतासा व्हय." मग माझ्या उशाशी बसून अर्धा तास सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरच्या, देवीला वाहिलेल्या जोगत्यांच्या गोष्टी सांगितल्या, मी म्हटलं आजी माझं तसलं नाही, हे वेगळं, तर म्हणाली वेगळं असू दे, खीर खा. तिला किती कळलंय मला माहीत नाही. शेगडी आणायला निघाली होती, सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा थांबली.

एक वाईट अनुभव. तपासायला म्हणून एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडं गेले तर रिसेप्शनवरून भरल्या वेटिंग रूममध्ये जुनं नाव दोनदा मोठ्यानं पुकारलं. उठलेच नाही मी. आईनं जाऊन सांगितलं तर "आधारवर हेच आहे" म्हणे. परत आलो तसंच.

मिरजेची_सिस्टर | १ डिसेंबर, रात्री ८.४०

आधी फोन करून थेट डॉक्टरांशी बोला, रिसेप्शनशी नाही. सांगायचं, व्हजायनोप्लास्टीनंतरचा फॉलो-अप आहे, केसपेपरवरच्या आडनावानं हाक मारा. डिस्चार्ज समरी आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे ते वाचून बसतात. पुष्कळ डॉक्टरांनी असा पेशंट आधी बघितलेला नसतो, चांगला असेल तो तसं सांगतो आणि तुमच्या सर्जनशी बोलायला तयार होतो. असाच डॉक्टर धरा. आत लालसर दाणेदार मांस वाढलं आणि रक्त लागायला लागलं तर घाबरू नका, ग्रॅन्युलेशन म्हणतात, सिल्व्हर नायट्रेट लावून दवाखान्यातल्या दवाखान्यात जातं. प्रोस्टेट अजून तुमच्या अंगात आहे हेही तुमच्या कायमच्या डॉक्टरला माहीत असू द्या, पन्नाशीनंतर ते लागतं.

एक_आई_इचलकरंजी | २ डिसेंबर, सकाळी १०.०५

आजींचं वाचून हसू पण आलं आणि डोळ्यांत पाणी पण. आमच्याकडं सासूबाई आहेत, बघू. बाळ, आम्हाला मुंबईच करावी लागेल का गं? हैदराबादवरून कोल्हापूरला विमान येतं म्हणतात.

पंचगंगा_काठची | २ डिसेंबर, दुपारी १२.३०

येतं की काकू. बँकॉक-हैदराबाद आणि तिथून कोल्हापूर हे पण बघा, उजळाईवाडीच्या विमानतळाहून इचलकरंजी लांब नाही. फक्त एकाच दिवशी दोन्ही विमानं करू नका, मधे रात्र काढा. आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला टाक्याजवळ उसवलं म्हणून सर्जननी आणखी थांबवून घेतलं, तिचं स्वस्तातलं तिकीट वाया गेलं. व्हिसाचं मला टेन्शन आलं नाही, २०२४ मध्ये आपल्याला ६० दिवस बिनव्हिसा राहू देत होते, तुम्ही निघायच्या आधी बघून घ्या.

बुंगाट_९ | २ डिसेंबर, रात्री ९.५५

काकू, उजळाईवाडीला आणायला मी येतो, इनोव्हा हाय माझी. तारीख ठरली की आठ दिवस आधी सांगा. सावकाश आणतो, चाळीसच्या वर काटा जाऊ देत न्हाई. ताई तू रिक्षा बंद कर आन दवाखान्याला जायचं आसंल तर मला मेसेज टाक.

पंचगंगा_काठची | २ डिसेंबर, रात्री १०.१०

दादा शुक्रवारी सकाळी ११ ची वेळ मिळालीय, राजारामपुरीत. डॉक्टर स्वतः फोनवर बोलल्या. येताय?

बुंगाट_९ | २ डिसेंबर, रात्री १०.१४

साडेधाला दारात. उशी घिऊन बस.